तेहेतीस अनारशांची मालगाडी

आमच्या घरी सासुरवाडीहून फोन येतो तो माझ्या मोबाइलवर येतो, पण माझ्यासाठी येत नाही. ही तक्रार नाही, नुसती नोंद आहे. घरात मोबाइल पहिल्यांदा माझ्याकडे आला, तोच नंबर मामांना पाठ झाला, आणि एकदा पाठ झालेली गोष्ट मामा बदलत नाहीत. मामा म्हणजे माझे सासरे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत ते माझ्याशी फोनवर जे बोलले ते सगळं मिळून एवढंच: "कोन? बरं. पंकजाला द्या."

मामांचं नाव चंद्रभान. राहतात पूर्णेला, वय ऐंशी. कोळशाच्या इंजिनावर क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले, मग ड्रायव्हर. मीटरगेज गेली, कोळसा गेला, डिझेल आलं. निवृत्तीपर्यंत मामांनी डिझेलही चालवलं, पण त्या इंजिनाला ते आजही 'ट्रक' म्हणतात. त्यांच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं आहेत. आग, पाणी आणि लोखंड यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो ती, आणि उरलेली. मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, बदल्यांचा मोसम आहे. चारचौघांत मामा माझी ओळख "हे आमचे फायलीवाले जावई" अशी करून देतात आणि लगेच समोरच्याला चहा विचारतात.

खोटं कशाला बोलू, मला ते लागतं. मामांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "बरं केलंत" असं ऐकायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. पुढचं सगळं त्या दोन शब्दांपायी झालं.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. आमच्याकडे या महिन्यात जावयाला नारायण मानून जेवायला बोलावतात. सासरा पाय धुतो, सासू पुरणाचे धोंडे वाढते आणि तेहेतीस अनारशांचं वाण एखाद्या चांदीच्या भांड्यासकट हातात ठेवते. नारायणाने स्वतः काही करायचं नसतं. पाटावर बसायचं आणि 'कशाला, कशाला' म्हणत घ्यायचं. बसून राहण्याचा मला नोकरीतला दांडगा अनुभव आहे, त्यामुळे मागच्या अधिकात मी ते काम चोख केलं होतं.

यंदा मात्र मी पंकजाला सांगितलं की या खेपेला नारायण घेणार नाही, देणार आहे. मामांना वाफेचं इंजिन द्यायचं. खरं नव्हे, छोटं, पण अगदी खऱ्यासारखं. पंकजा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली की धोंड्यात जावयाने सासऱ्याला वस्तू देणं म्हणजे उलटी गंगा, आणि द्यायचंच असेल तर गुडघ्याचा पट्टा द्या, तो त्यांना लागतो आहे. बायकोच्या सल्ल्यात नेहमी काहीतरी उपयोगी असतं, म्हणूनच तो ऐकावासा वाटत नाही.

आता साध्या माणसाने एक इंजिन विकत घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण मी बावीस वर्षं सरकारी खरेदीच्या फायली पाहिल्या आहेत. वस्तू एक घ्यायची तर दरपत्रकं तीन लागतात आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता लागतो. मी तीन इंजिनं निवडली, कागदावर रेघा मारल्या आणि तीन रकाने आखले: बारकावे, ओढ आणि पैसा वसूल. बारकावे म्हणजे खऱ्या इंजिनाशी किती जुळतं, ओढ म्हणजे किती ओझं ओढतं. तिसऱ्याचा अर्थ सांगायला नको.

हा कागद मी शेजारच्या वैजीनाथरावांना दाखवला, ही पहिली चूक. वैजीनाथराव येलदरीच्या वीजघरातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले आहेत. पाण्याने फिरणारी कोणतीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते असं ते मानतात, आणि वाफ म्हणजे शेवटी पाणीच. आमच्या जिंतूरला रेल्वे नाही, हेही त्यांना आडवं आलं नाही. ते म्हणाले, "शिवप्रसादराव, कागदावरची ओढ कागदापुरती. तिन्ही इंजिनं घरी आना, वजन लावा, मंग बोला." हे मला इतकं पटलं की मी तिन्ही मागवली. पंकजा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवस मी तक्ता नव्याने, जाड कागदावर काढण्यात घालवले.

पहिलं आलं ते जर्मन. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी काढून टाकलेलं, विजेवर चालणारं, लांबीला जेमतेम वीतभर. पण त्यावरचं काम असं की बघतच राहावं. चाकांचे दांडे, वाफेच्या नळ्या, घंटा, केबिनमध्ये टोपी घातलेले दोन चिमुकले कर्मचारी. वैजीनाथराव भिंग घेऊन त्याचे रिवेट मोजायला बसले. एकशे चाळीसपर्यंत पोचले आणि वीज गेली. आली तेव्हा ते आकडा विसरले होते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले की जगात जर्मनी, भारतात परभणी, तेव्हा हे इंजिन दोन्हीकडून पास आहे.

मग ओढ. त्यासाठी त्यांनी जुन्या बेअरिंगांचा एक गाडा बनवून आणला होता. इंजिन आपल्या रुळावरून चालणार, गाडा रुळाच्या दोन्ही अंगांनी फरशीवरून येणार, मधे सुतळी. वजनाला तूरडाळ. जर्मन इंजिनाने अर्धा किलो डाळ ऐटीत ओढली. पाऊण किलोला ते शहाबादी फरशीच्या सांध्यापाशी आलं आणि तिथेच चाकं फिरवत उभं राहिलं. वैजीनाथरावांनी मदत म्हणून गाड्याला बोट लावलं, गाडा कलंडला आणि डाळ दिवाणाखाली गेली. ती डाळ मी पालथा पडून गोळा करत असताना माझ्या कार्यालयातला शिपाई एका सहीसाठी आला आणि थोडा वेळ उभा राहून सही न घेताच परत गेला.

दुसरं चिनी, परभणीच्या बाजारातून घेतलेलं, प्लास्टिकचं. त्याला शिट्टी होती, लाल दिवा होता, चिमणीतून धूर यायचा, आणि मधूनमधून आतून एक बाई कुठल्याशा भाषेत काहीतरी बजावायची. बारकाव्यांच्या रकान्यात त्या बाईला किती गुण द्यावेत यावर आमचा अर्धा तास वाद झाला. चाचणीच्या वेळी या इंजिनाने रूळ सोडला, अंगण ओलांडलं आणि तडक हौदात उडी घेतली. उन्हात वाळवल्यावर ते पुन्हा चालू लागलं, पण तेव्हापासून बटण बंद असलं तरी मनात येईल तेव्हा शिट्टी मारू लागलं.

तिसरं इंजिन खरं. दक्षिणेकडच्या एका कारखान्यातून मागवलेलं, पितळी. खरा बॉयलर, त्यात खरं पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, आणि त्या पाण्याच्या खऱ्या वाफेवर चालणारं. सोबत दहा मीटर रूळ. त्याची किंमत मी पंकजाला सांगितलेली नाही आणि तुम्हालाही सांगत नाही, कारण लिहिलेलं कधी ना कधी घरात वाचलं जातं. हे इंजिन परभणीपर्यंत आलं आणि तिथल्या पार्सलच्या ऑफिसात अडकलं.

खिडकीमागे सिद्धोधन नावाचा तरुण कारकून होता. त्याने नम्रपणे सांगितलं की पार्सलवर बॉयलर असं लिहिलेलं आहे, आणि बॉयलर सोडायचा तर तो चालवणाऱ्याचा सक्षमतेचा दाखला लागतो. मी हाताने आकार दाखवला, वीत दीड वीत. तो म्हणाला, फॉर्ममध्ये आकाराचा रकाना नाही. ते वाक्य माझं होतं. गेली बावीस वर्षं मी ते लोकांना ऐकवतो आहे.

मग त्याने मला ओळखलं. "साहेब, आमच्या आईची विहिरीची फाईल तुमच्याच टेबलावर व्हती. एक सत्यप्रत कमी म्हनून तुमी दोन डाव परत पाठवली. तुमचं बरोबरच व्हतं. नियम म्हन्जे नियम." हे तो इतक्या आदराने म्हणाला की मला भांडायलाही जागा राहिली नाही. वर त्याने चहा मागवला. तो चहा मी प्यालो, आणि चहात काही दोष नव्हता.

सक्षमतेचा दाखला आमच्या अख्ख्या नात्यात एकाच माणसाकडे होता. पूर्णेच्या घरी, देवघराशेजारच्या भिंतीवर, मामांचा वाफेच्या इंजिनाच्या ड्रायव्हरचा दाखला फ्रेम करून लावलेला आहे. अनारशाचे तांदूळ भिजवायला आईला मदत करते असं सांगून पंकजा पूर्णेला गेली आणि गुपचूप फोटो काढून आली. फोटोत दाखला स्पष्ट होता, पण काचेत मोबाइल धरलेली पंकजा त्याहून स्पष्ट होती. सिद्धोधनने विचारलं, ह्या बाई कोण. मी म्हणालो, दाखलाधारकाची मुलगी. त्याने नात्याचा पुरावा मागितला. एकूण चार खेपा झाल्या. शेवटी त्याने माझ्या नावावर काट मारून सक्षम चालक म्हणून मामांचं नाव लिहिलं आणि तीन ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या. मी त्यातली एकही ओळ वाचली नाही. लोकांना 'वाचून सही करा' म्हणून दम देणारा मी. दुसऱ्या दिवसापासून सिद्धोधन बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेला. चौकशीला फोन केला की उत्तर मिळे, "प्रक्रियेत हाय. ते टेबल सुट्टीवर हाय." हेही वाक्य माझंच.

धोंडे चार दिवसांवर आले आणि पूर्णेहून फोन आला. मामींचा, म्हणजे माझ्या सासूबाई बायनाबाई यांचा. त्यांचा आवाज एरवी खणखणीत, आज दबका. मी सवयीने फोन पंकजाकडे न्यायला उठलो, तर त्या घाईने म्हणाल्या, "पंकजाला देऊ नका जावईबापू. तुमालाच सांगायचंय. हे रोज दुपारी न्हानीघरात कडी लावून बसायलेत. आतून दवाखान्यावानी वास यायलाय, स्पिरिटचा. भाईर येतेत तवा डोळे लाल आन् तोंडावर हासू. गळ्यात माळ हाय ओ त्यांच्या."

मामांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. पण मामींचं संपलं नव्हतं. पन्नास वर्षांत जो माणूस स्वयंपाकघरात डोकावला नाही, त्याने काल तिथे येऊन अनारसा केवढा करणार म्हणून विचारलं, आणि तळलेला एक अनारसा लाकडी पट्टीने मोजला. आडवा मोजला, उभाही मोजला. मामींनी लगेच औंढ्याच्या देवाला नवस बोलला होता. पंकजाला सांगणार नाही असा मी शब्द दिला आणि पाच मिनिटांत तिला सांगितलं. ती रडायला लागली तेव्हा आवाज ऐकून वैजीनाथराव आले, मग त्यांनाही सांगावं लागलं. त्यांनी नोकरीतले तसले दोन किस्से ऐकवले, ज्यांनी पंकजाचं रडणं वाढलं, आणि मग निर्णय दिला. "हे काम जावयाचंच. पोरानं सांगितलं तर बापाचा अपमान व्हतो. जावई म्हन्जे त्या दिवशी देव. देवाचं ऐकतेत."

म्हणजे मी निघालो होतो सासऱ्यांना इंजिन द्यायला, आणि आता त्यांना व्यसनमुक्तीवर चार शब्द सांगायचे होते. मी चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून खिशात घातले.

धोंड्याच्या दिवशी आम्ही दोघं एस.टी.ने परभणीला आणि तिथून रेल्वेने पूर्णेला जाणार होतो. पिशवीत दोन इंजिनं, रूळ, गाडा आणि तक्ता. पितळी अजून प्रक्रियेत. बोरीच्या अलीकडे पिशवीतून जोरदार शिट्टी झाली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. कंडक्टरने शिट्टी कुणी मारली विचारलं, कुणीच बोललं नाही, मीही नाही. गाडी निघाली, पुन्हा शिट्टी, आणि पाठोपाठ ती बाई आपल्या भाषेत बजावू लागली. सगळी एस.टी. माझ्या पिशवीकडे बघू लागली. मला पिशवी उघडून दाखवावी लागली. कंडक्टरने इंजिन हातात घेऊन नीट पाहिलं आणि साहेब, तुमच्या वयाला शोभतंय का, एवढंच विचारलं. परभणीपर्यंत पंकजा खिडकीबाहेर बघत होती.

पूर्णेला पोचलो. पाट, रांगोळी, समई सगळं तयार. मामा नेहमीसारखे शांत, धोतर पांढरंशुभ्र. मला पाटावर बसवून ते पाय धुवायला वाकले आणि मला वास आला. स्पिरिटच. नारायण भक्ताचा वास घेतो आहे असं दृश्य पुराणात कुठे नसावं, पण मी दोनदा खोल श्वास घेऊन खात्री केली. मामी पदराआडून माझ्याकडे बघत होत्या. मी धीर करून पहिला मुद्दा काढला, की मामा, वय झालं की माणसाला एकटेपणा जाणवतो. मामा म्हणाले, "पाय वर घ्या." पहिला मुद्दा तिथेच संपला.

दुसरा मुद्दा काढण्याआधी थोडी हवा बदलावी म्हणून मी पिशवी उघडली. दोन्ही इंजिनं ओसरीत मांडली, तक्ता मामांच्या हातात दिला आणि जाहीर केलं की आजचं वाण रेल्वेने येईल. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून माझ्या पाटापर्यंत, तेहेतीसच्या तेहेतीस अनारसे, आणि जे इंजिन आणेल ते मामांचं. मामींना हे पटलं नाही, पण त्या दिवशी मी देव असल्याने त्या गप्प बसल्या.

जर्मन इंजिनाने नऊ अनारशांपर्यंत साथ दिली. दहावा ठेवल्यावर ते फरशीच्या सांध्यापाशी बसलं ते बसलंच. चिनी इंजिनाच्या मागचा आकडाच तुटला. गाडा जागेवर राहिला आणि इंजिन शिट्ट्या मारत एकटंच देवघरात शिरलं. तिथून त्या बाईचा आवाज आला तेव्हा मामींनी हात जोडले.

मामा इतका वेळ तक्ता वाचत होते. चष्मा सारखा करून त्यांनी जर्मन इंजिन उचललं, उन्हाच्या कवडशात धरलं आणि केबिनमधल्या त्या दोन चिमुकल्या माणसांकडे बघत राहिले.

"काम लय नामी हाय. पन हे दोघंबी भाईर बघायलेत. मंग पानी कोन बघायलंय?"

मी पाहिलं. खरंच, दोघंही खिडकीतून बाहेर डोकावत होते. वैजीनाथरावांच्या भिंगाला दोनशे रिवेट दिसले होते, हे दिसलं नव्हतं. मामांनी तक्ता माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले, "ह्यात एक रकाना कमी हाय."

बावीस वर्षं मी जे लोकांना म्हणत आलो ते माझ्या सासऱ्याने मला, नारायण असताना, पाटावर म्हणावं. कान गरम झाले. मी विचारलं, कोणता रकाना. ते म्हणाले, "वाटंत बिघडलं तर आपल्याला खोलता येतं का? मिरखेलच्या फुडं गाडी बंद पडली तर जर्मनीहून कोन येनार हाय?"

एवढं बोलून ते उठले आणि न्हाणीघरात गेले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मामींनी माझ्याकडे 'बघा' अशा नजरेने पाहिलं, पंकजाने डोळ्याला पदर लावला. मी खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवला. कडी पुन्हा उघडली आणि मामा बाहेर आले ते दोन्ही हातांत लाकडी पेटी धरून.

पेटीत माझं पितळी इंजिन होतं. झकास घासलेलं, चिमणीचं तोंड धुराने काळं पडलेलं. आणि त्याच्या मागे लावायला अकरा डबे. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून बनवलेले. एका डब्यावर सूर्यफुलाची अर्धी पाकळी अजून दिसत होती. प्रत्येक डबा बरोबर तीन अनारसे मावतील एवढा, ना कमी ना जास्त.

"बारा दिस झाले पार्सल येऊन," मामा खाली रूळ मांडता मांडता म्हणाले. "माज्या नावानं आलं. वर लिव्हलेलं, सक्षम चालक. खाली तुमची सही."

मी देवघराशेजारच्या भिंतीकडे पाहिलं. दाखल्याच्या फ्रेमच्या कोपऱ्यात पार्सलची ती पावती खोचून ठेवली होती. सिद्धोधनने नावाबरोबर पत्ताही बदलला होता, आणि मी त्यावर न वाचता सही केली होती.

मामा मान वर न करता बोलत होते. "रिटायर होऊन वीस वर्षं झाली. पेन्शनचा कागद येतो, दवाखान्याचा येतो. चालक म्हनून कागद वीस वर्षांनी आला."

बावीस वर्षांत माझ्या हातून हजारो कागद गेले. कुणी एखादा भिंतीवर लावल्याचं मला तरी माहीत नाही.

मामींना मात्र आत्ता कुठे उलगडा झाला होता. त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग नवसाचं काय करायचं म्हणून मामांवर तापल्या. मामा म्हणाले की सांगितलं असतं तर तुम्ही फुंकर मारून दिवा विझवला असता. न्हाणीघर का, तर तिथे वारा लागत नाही आणि पाणी जवळ असतं.

मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. फायरमन पाहिजे होता. "उठा."

नारायणाने जेवणाआधी पाट सोडू नये, असं मामी म्हणाल्या. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी आहेराच्या पांढऱ्या शर्टात फरशीवर मांडी घालून बसलो. दिव्यात स्पिरिट भरायचं आणि पाण्याच्या काचेवरून नजर हलवायची नाही, एवढंच माझं काम. मी दोनदा विचारलं, झालं का, सोडायचं का. ते म्हणाले, इंजिनाला घाई खपत नाही. दहा-बारा मिनिटं मी काचेला डोळे लावून बसलो. बॉयलरमध्ये आधी कुजबुज झाली, मग गुणगुण, आणि मामांचा चेहरा, देवाशपथ सांगतो, तीस वर्षांनी तरुण झाला. त्यांनी बोटाने दांडा हलवला. चिमणीतून गरम पाणी आणि तेल भस्सकन उडालं, सगळं माझ्या शर्टावर आणि थोडं कपाळावर. "पयल्या वाफंला असं व्हतंच," मामा म्हणाले. "फायरमननं बाजूला बसायचं असतंय." हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं मुद्दामच सांगितलं नव्हतं.

इंजिन निघालं. हळू, अगदी हळू, फुसफुस करत. मागे अकरा डबे, त्यांत तेहेतीस अनारसे, शेवटच्या डब्यावर मामींनी जाता जाता टेकवलेलं तुळशीचं पान. मामा गुडघ्यांवर हात टेकत बाजूने चालत होते, मी दोन्ही हातांवर रांगत पाणी बघत होतो. उंबऱ्यापासून पाटापर्यंत ती गाडी आली आणि मामांनी दांडा मागे घेतला तेव्हा शेवटचा डबासुद्धा हलला नाही. एकही अनारसा मोडला नाही.

जेवणं झाली. मामींनी रिवाजाप्रमाणे चांदीची वाटी दिली. मग मामा आत गेले आणि लांब चोचीची एक पत्र्याची झारी घेऊन आले. तेलाची. इंजिनावर असताना ते हिनेच सांध्या-सांध्याला तेल घालत. तिच्या मुठीवरचा रंग त्यांच्या बोटांनी गेला आहे. पंकजाच्या भावांना लहानपणी या झारीला हात लावल्याबद्दल मार बसल्याचं मी ऐकून आहे. मामांनी ती माझ्या हातात दिली. आता म्हणतील, आता म्हणतील, असं वाटून मी तोंडाकडे बघत राहिलो.

"सांडू नका," ते म्हणाले आणि वामकुक्षीला गेले.

जिंतूरला परतल्यावर वैजीनाथरावांनी आधी वाण काय मिळालं ते विचारलं. मी झारी दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, वाजवून पाहिली आणि चांदीची नसल्याबद्दल माझ्याबरोबर दुःख व्यक्त केलं. पंकजा म्हणाली, एवढं केलंत, पण आबा 'बरं केलंत' काही म्हणाले नाहीत. मी म्हणालो, त्याचं काही नाही. तसं थोडंसं होतं. झारी मी कपाटावर ठेवली आणि सोमवारी कामावर गेलो. तिथे सिद्धोधनच्या आईची विहिरीची फाईल शोधून काढली. सत्यप्रत तिला आधीपासूनच जोडलेली होती, मागच्या बाजूला. मी ती पुढे पाठवली आणि कुणाला काही बोललो नाही.

बरोबर आठव्या दिवशी संध्याकाळी मोबाइल वाजला. पूर्णेचा नंबर. पंकजा कणीक मळत होती.

"कोन?"

"मी शिवप्रसाद, मामा."

"बरं."

मी सवयीने फोन पंकजापुढे धरला. तिने कणकेचे हात पुढे केले.

"तिला कामून देतायलात?" फोनमधून आवाज आला. "तिचं काय काम हाय? ओसरीच्या चढावर गाडी वाफ धरंना. एकट्यानं पानी बघावं का दांडा धरावा? रविवारी या. येताना झारी आना."

पंकजाने हात तसेच ठेवून विचारलं, काय झालं, कुणाला काय झालं. मी तिला हाताने थांबवलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"थांब जरा," मी तिला म्हणालो. "माझा फोन आहे."